बाबांची बुलेट: ठेवावी की विकावी?

सामान्य काळातील अठरावा रविवार (वर्ष 'क')
उपदेशक १:२, २:२१-२३। कलस्सै ३:१-५, ९-११ । लूक १२:१३-२१



आजच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे तक्रार घेऊन येतो. वडिलांच्या मालमत्तेतला माझा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा, अशी त्याची विनंती आहे. प्रभू येशू त्या वाटणीत पडत नाही. तो जमलेल्या सर्वांना लोभापासून सांभाळून राहायला सांगतो आणि मग जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंत माणसाचा दाखला देतो.

वाटणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आंब्याची कलमे, भाताचा कुणगा, सामायिक घर येते. आज मी त्याहून लहान वस्तूविषयी बोलणार आहे: वडिलांची जुनी मोटारसायकल. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कुठल्याही गावात जा, एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली बुलेट, येझदी किंवा राजदूत दिसतेच. ती ठेवावी की विकून नवी घ्यावी, या प्रश्नावर घरे भांडतात. वस्तू लहान असली तरी भांडण लहान नसते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. वडील बोटीवर नोकरीला होते. १९८० च्या दशकात सुट्टीवर आले असताना त्यांनी बुलेट घेतली. तिच्यावरून त्यांनी बायकोला माहेरी नेले, मुलांना शाळेत सोडले, अडीनडीला शेजाऱ्याला डॉक्टरकडे पोहोचवले. आज वडील नाहीत. थोरला मुलगा मुंबईत, धाकटा गावात. आवशीला महिन्यातून दोनदा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे काम धाकट्याकडे आहे. पावसात गाडी चालू व्हायला पाच-सहा किका माराव्या लागतात, आणि तोवर म्हातारी छत्री धरून अंगणात उभी असते. जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयार आहे. थोडी भर घातली तर नवी गाडी येईल. थोरला फोनवर म्हणतो, "बापाशीची गाडी इकूची नाय." धाकटा म्हणतो, "तू मुंबैक बसान सांगतंस." फोन बंद होतो. नाताळला थोरला गावी येतो, पण धाकट्याच्या घरी जेवत नाही.

यात चूक कोणाची? घाईने निवाडा करू नका. थोरल्याचे दुःख खरे आहे. बुलेट ही अनेक घरांत नुसते वाहन नसते. १९५५ साली मद्रासमध्ये या गाड्यांचे काम सुरू झाले, इंग्लंडमधला मूळ कारखाना पुढे बंद पडला, पण आपल्याकडे बुलेट निघतच राहिली. ओतीव लोखंडाच्या त्या जुन्या इंजिनाचा आवाज वळणावर आला की बाबा आले हे मुलांना कळायचे. उजव्या पायाचा गिअर आणि डाव्या पायाचा ब्रेक ज्याने बाबांच्या हाताखाली शिकला, त्याला ती विकताना बाबांना दुसऱ्यांदा पोहोचवल्यासारखे वाटले तर नवल नाही.

धाकट्याची अडचणही खरी आहे. मागच्या सीटवर त्याची आई बसते. जुन्या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात ते भिजले की पकड कमी होते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. शिवाय आपली खारी हवा! मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पृथ्वीवरच्या संपत्तीला लागणाऱ्या कसरीविषयी आणि जंगाविषयी बोलतो. ते मालवणच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. समुद्राकाठी ठेवलेले लोखंड दोन पावसाळ्यांत काय होते, हे आपण रोज पाहतो.

मग ठरवायचे कसे? संत ऑगस्टीन यांनी एक साधा भेद शिकवला आहे. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात, काहींमध्ये आपल्या मनाने विसावायचे असते. मनाचा खरा विसावा परमेश्वर. बाकी साऱ्या वस्तू त्याच्याकडे आणि शेजाऱ्याकडे जाण्याच्या वाटेवर वापरायच्या आहेत. वाटेतल्या गाडीलाच मुक्काम समजले की माणूस पोहोचत नाही.

३१ जुलै रोजी आपण ज्यांचा सण साजरा करतो, त्या संत इग्नाशियस लोयोला यांनी हा विचार आणखी व्यवहारात आणला. त्यांची 'आध्यात्मिक साधना' १५४८ मध्ये छापली गेली. तिच्यात ते तीन प्रकारच्या माणसांचा दाखला देतात. प्रत्येकाच्या हाती दहा हजार सोन्याची नाणी आली आहेत आणि त्यांच्यावरची आसक्ती मनाला बोचते आहे. पहिला म्हणतो, ही आसक्ती सोडली पाहिजे. पण मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला मनःशांती हवी आहे, पण नाणी हातची जाऊ द्यायची नाहीत. देवानेच आपल्या मर्जीप्रमाणे वागावे, अशी त्याची इच्छा. तिसरा मन मोकळे करतो. ठेवायचेच किंवा टाकायचेच असा हट्ट तो धरत नाही. देवाची सेवा कशात अधिक होईल, एवढेच तो विचारतो.

पडवीतल्या बुलेटकडे पाहून आपण स्वतःला ओळखू शकतो. "पुढच्या वर्षी बघू" म्हणत ताडपत्रीखाली ती सडू देणारा पहिला. "ती बाबांची आठवण आहे" असे म्हणून चर्चाच बंद करणारा दुसरा. मात्र नव्या गाडीचा फोटो मोबाईलवर रोज पाहणारा आणि आईच्या औषधपाण्याचे कारण पुढे करणारा, तोही दुसराच! जुन्याची आसक्ती आणि नव्याची आसक्ती या सख्ख्या बहिणी आहेत. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल लोभाला मूर्तिपूजा म्हणतो. तिथे त्याने वस्तूचे वर्ष विचारलेले नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या आयुष्यातले दोन प्रसंग इथे उपयोगी आहेत. २०१३ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीने त्यांना नवी मोटारसायकल भेट दिली. त्यांनी टाकीवर सही करून ती विकायला दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिचे २,४१,५०० युरो आले आणि ते रोममधल्या तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळच्या, बेघरांसाठी कारितास चालवत असलेल्या निवाऱ्याला व अन्नछत्राला गेले. त्याच २०१३ मध्ये एका इटालियन धर्मगुरूने त्यांना आपली १९८४ ची जुनी रेनॉल्ट मोटार दिली. ती तीन लाख किलोमीटर धावलेली होती. ती मात्र त्यांनी व्हॅटिकनमध्ये वापरायला ठेवून घेतली. एक विकली, एक ठेवली. दोन्ही वेळी कोणाच्या उपयोगी पडेल, हाच विचार.

म्हणून बुलेट ठेवणे हे पुण्य नाही आणि विकणे हे पाप नाही. ठेवायची असेल तर जो "ठेवा" म्हणतो त्याने तिचा खर्चही उचलावा: इंजिनाचे काम, टायर, विमा, नोंदणीचे नूतनीकरण. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. कायदासुद्धा जपणे आणि वापरणे यांत फरक करतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ते रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आठवण जपायची तर जपा, पण तिच्यावर आजारी आईला बसवू नका.

विकायची असेल तर ख्रिस्ती माणसासारखी विका. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात घोड्याचे उदाहरण घेऊन हा प्रश्न सोडवला आहे. लंगडा घोडा धावरा म्हणून विकणे हे पाप. जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा जिवाला धोका होईल, तो विक्रेत्याने स्वतःहून सांगितलाच पाहिजे. घोड्याच्या जागी चेसिसला पडलेली भेग ठेवा. वरून रंग मारून ती झाकली आणि दोन हजार जास्त मिळाले, तर ते दोन हजार आपले नव्हेत.

कागदांचेही तसेच. अनेक घरांत वडील जाऊन वर्षे झाली तरी नोंदणी पुस्तकात त्यांचेच नाव असते. आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा, मग विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०. "कागद नंतर बघू" म्हणून चावी देऊ नका. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याच्यावरच अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आपण विकलेल्या गाडीखाली कोणी सापडला, तर त्याच्या घरच्यांना दाद मागायला खरे नाव मिळायला हवे. हाही शेजारधर्मच आहे.

आता पुन्हा त्या दोन भावांकडे वळू या. आजच्या पहिल्या वाचनात उपदेशक म्हणतो की एक जण शहाणपणाने कष्ट करतो आणि ज्याने कष्ट केले नाहीत त्याच्या हाती ते ठेवून जातो. बुलेट दोघांपैकी कोणीच कमावलेली नाही. ती बाबांच्या घामाची. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. ज्या बाबांनी त्या गाडीवर दोघांना पुढे-मागे बसवून शाळेत सोडले, त्यांचा मान कशाने राहील? गाडी घरात आहे आणि भाऊ भावाच्या ताटावर नाही, हे पाहून त्यांना बरे वाटेल का?

असा प्रश्न ज्यांच्या घरात आहे, मग तो गाडीचा असो, बागेचा असो की आईच्या पाटल्यांचा, त्यांनी या आठवड्यात एवढे करावे. निर्णयाआधी एक फोन करावा आणि वस्तूविषयी बोलण्याआधी आईच्या तब्येतीविषयी बोलावे. मग संत इग्नाशियस यांनी सुचवलेले तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. अगदी अनोळखी माणूस हीच अडचण घेऊन आला, तर त्याचे भले व्हावे म्हणून मी त्याला काय सांगेन? मरणाच्या घडीला मी काय ठरवले असते तर बरे, असे मला वाटेल? न्यायाच्या दिवशी प्रभूसमोर उभा राहीन तेव्हा कोणता निर्णय हाती असावा? उत्तरे कागदावर लिहा, दोघांनी लिहा, आणि आईसमोर वाचा. शेवटचा शब्द तिला द्या. पावसात छत्री धरून तीच उभी असते.

हे प्रभो, आमच्या घरांत तू दिलेल्या वस्तू आम्हांला हलक्या हाताने धरायला शिकव. आमचे जे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना पुन्हा एका ताटावर बसव. आमेन.

आपला,
धर्मगुरू