साठ दिवसांत आपलं म्हणणं कळवा

३१ जुलै २०२४. वायनाडला दरड कोसळून एकच दिवस झाला होता आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा जाहीर केला. पुन्हा, कारण २०१४ पासून हेच चालू आहे. मसुदा निघतो, मुदत संपते, नवा मसुदा निघतो. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रात. हरकती-सूचनांसाठी साठ दिवस.

मी माझी सूचना ऑफिसच्या कॅन्टीनमधून पाठवली. ग्रुपवर तयार मजकूर आला होता. कॉपी, पेस्ट, खाली नाव, सेंड. चाळीस सेकंद लागले असतील. मसुद्याला पाठिंबा. दिवसभर जरा बरंही वाटलं.

आता खरं सांगायचं तर, तो इनबॉक्स उपसायचं काम माझ्याकडे आलं असतं तर मी पहिल्यांदा डुप्लिकेट काढणारी स्क्रिप्ट लिहिली असती. एकसारखे मेल एका ओळीत, शेजारी आकडा. त्यात माझं 'म्हणणं' कुठे उरलं असतं? आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला दोष तरी कसा देणार, ते माझं म्हणणं नव्हतंच.

गणपतीला गावी गेलो. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, घाटाच्या अगदी कडेला. तिथं कळलं, ग्रामसभेनं मसुद्याच्या विरोधात ठराव केलाय. हात वर करणाऱ्यांत आमचे अण्णा, माझे थोरले चुलते, पहिले.

"अण्णा, तुम्ही वाचलं होतं का ते?"

"इंग्रजीत हाय म्हणं. तू वाचलास न्हवं?"

मी काहीच बोललो नाही.

एकाच घरातले आम्ही दोघं, एकाच डोंगराबद्दल, एकाच पत्त्यावर, दोन उलट बाजूंना मोजले जाणार होतो. मोजणाऱ्याला हे कधीच कळणार नव्हतं. माझ्या डोक्यात तोवर प्रश्न साधा होता: जंगलाबद्दल बोलायचा जास्त हक्क कुणाचा? तिथं राहणाऱ्याचा, की खाली पंचगंगेच्या पुरात ज्याचं घर बुडतं त्याचाही? मला अजूनही वाटतं की दोघांचा. डोंगर गावाचा आहे, पण पाणी डोंगराला विचारून थांबत नाही. फक्त हा प्रश्न यायच्या आधी आणखी एक येतो, तो मी सोडून दिला होता. अण्णांना मसुदा वाचता येत नव्हता, कारण राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं. मला येत होता आणि मी वाचला नाही. दोघांचं अज्ञान सारखं नाही. माझं जास्त लाजिरवाणं आहे.

माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्येच सुचवलं होतं की कुठे काय चालेल हे ग्रामसभांपर्यंत जाऊन ठरवावं. तो अहवाल लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. अहवाल इंग्रजीत आणि त्याच्याबद्दलच्या अफवा मराठीत, अशी वाटणी झाल्यावर गावात काय पोचणार?

उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, शंभरेक घरांचं गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण मला भुरळ पडते ती त्याच्या आधीच्या गोष्टीची. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबतात. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो, ज्याला काहीच ठरवायचा अधिकार नाही. नुसतं बसायचं, माहिती काढायची, एकमेकांना विचारायचं. आमच्याकडे हे नेमकं उलटं झालं: ठरवणं आधी उरकलं आणि समजून घेणं राहून गेलं. माझ्याकडूनही, ग्रामसभेकडूनही.

त्या रात्री आरतीनंतर कट्ट्यावर बसून मी फोनवर मसुदा उघडला आणि अण्णांना मराठीत सांगत गेलो. चार-पाच जण आणखी जमले.

"नवा गोठा बांधू देणार न्हाईत म्हणत्यात."

बंदी वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या बांधकामांना होती. राहत्या घराची दुरुस्ती, वाढीव खोली यांना आडकाठी नाही. कुणीतरी हसलं, "एवढा गोठा पाटलाचा बी न्हाई."

मग खाणीचं कलम आलं. नवी खाण नाही, चालू असलेली अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, जे आधी असेल तेव्हा बंद. अण्णांचा धाकटा मुलगा पठारावरच्या खाणीत डंपर चालवतो. मी वाचायचा थांबलो.

"म्हंजे तू त्येच्या पोटावर सही केलीस," अण्णा म्हणाले. रागानं नाही, हिशोब मांडावा तसं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले की खाणीखालच्या अंगाची विहीर हल्ली मार्चातच तळाला जाते. हे त्यांनी ग्रामसभेत सांगितलं नव्हतं. का, तर कुणी विचारलंच नव्हतं. प्रश्न 'बाजूनं की विरोधात' एवढाच होता.

परत येण्याआधी आम्ही दुसरं पत्र लिहिलं, अण्णांनी सांगितलं तसं, मराठीत. विहिरीचं लिहिलं. डंपरचं लिहिलं, पाच वर्षांत त्या पोरानं दुसरं काय करायचं ते तुम्हीच सांगा, असंही. मुदतीला अजून काही दिवस होते. विषयाच्या ओळीत 'पाठिंबा' घालायचं की 'हरकत', इथं आम्ही बराच वेळ अडून बसलो.

शेवटी अण्णा म्हणाले, "गावाचं नाव घाल."