बीजाचा चाफा आणि फलाची आशा

फलाची आसक्ती सोडणे म्हणजे फलाविषयी बेफिकीर होणे, अशी पुष्कळ सज्जनांची समजूत दिसते. ती कितपत खरी आहे, हे बीजापासून सोनचाफा वाढवू पाहणाऱ्या गृहस्थाला विचारावे.

चाफ्याचे पिकलेले फळ उकलले म्हणजे आत तांबड्या गराने वेढलेले बी दिसते. हा गर तेलकट असतो आणि मुंग्या व पक्षी त्यावर टपलेलेच असतात. बी वाळवून डबीत ठेवावे, तर थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती नष्ट होते. म्हणून गर चोळून, धुऊन ते ताजेच पेरावे लागते. माती ओली हवी, पण चिखल नको. जागा सावलीची हवी. इतके करूनही अंकुर दिसण्यास महिना-दोन महिने आणि पहिले फूल येण्यास सामान्यतः ८-१० वर्षे लागतात. साठी उलटलेल्या मनुष्याने हे बी पेरले, तर त्याचा सुगंध बहुधा नातवंडांच्या वाट्याचा. तथापि गर धुण्यात त्याने कुचराई केली आणि वर आपण फलेच्छा सोडल्याचे सांगितले, तर ते कोणी ग्राह्य धरील काय? मुंग्या तर मुळीच धरणार नाहीत! फल कसे निपजते याची काळजी हा कर्माचाच भाग होय; सोडावयाचे ते, ते फल आपल्याच ओंजळीत पडावे हे टुमणे.

कलमी चाफा वर्षा-दोन वर्षांत फुलतो. फुलांवर ज्याची चूल पेटते त्या वसईच्या बागाइतदाराने कलमच लावावे. त्याला धीराचा उपदेश करणे अनुचित होय.

परंतु आणखी एक भेद आहे, व गृहस्थाश्रमात त्याचेच महत्त्व अधिक. कलम मूळ वृक्षाचीच पुनरावृत्ती करते. बीजाचे झाड फिकट फुलेल की गडद, हे आधी सांगता येत नाही. पुष्कळ आईबाप मुलाला जन्म देतात बीजाप्रमाणे आणि अपेक्षा धरतात कलमाची. मुलगा निराळ्या वाटेने गेला की, “इतके केले, त्याचे हेच का फळ?” असा उद्गार निघतो. येथे लोभ धनाचा नसतो, म्हणून तो ओळखू येत नाही. तो स्वतःच्याच प्रतिमेचा असतो.

मग मुलास वळण लावूच नये काय? रोपाला काठीचा आधार द्यावाच लागतो. मात्र माळी ती काठी बांधताना दोरी सैल ठेवतो आणि खोड भरू लागले की ती सोडून पुन्हा बांधतो.