आकडे नकोत म्हणून सामाजिक धोरण?

तुझा अर्ज वाचला. सार्वजनिक धोरणाच्या पदवीसाठी विशेष विषय म्हणून तू ‘सामाजिक धोरण’ लिहिलंस. कारण विचारलं तर म्हणालास, “सर, त्यात आकडेमोड नसते.” वर्षभर वर्गात बसून हेच शिकलास?

रोजगार हमी घे. १९७२ च्या दुष्काळात तुझ्या आजोबांच्या पिढीने खडी फोडली, त्या कामांतून ही योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्ता. याहून सामाजिक धोरण ते कोणतं? आता तिच्या आत शिर. मजुरी मिळते ती मोजमापावर. माती किती घनमीटर उपसली, जमीन मऊ की मुरमाड, माती किती लांब नेऊन टाकली, यावर दर ठरतो. माप कमी लिहिलं गेलं किंवा हजेरीपटावर नावच चढलं नाही, तर दिवसभर उन्हात घमेली वाहणाऱ्या बाईचे पैसे बुडतात. तिच्या बाजूने बोलायला तू उभा राहशील आणि समोरचा अधिकारी दरपत्रक पुढे सरकवेल. तेव्हा काय, भाषण करशील?

बरं, पैसा कुठून आला? नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ साली याच योजनेसाठी बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातली ती कपात मराठवाड्यातल्या नालाबांधापर्यंत पोचत होती. हे न कळता तू कसलं धोरण शिकणार?

सामाजिक धोरण घ्यायला माझी ना नाही. कष्ट चुकवायला घेतोस, याला आहे. पर्यावरणाची चलती म्हणून तिकडे धावलेल्यांनाही मी हेच सुनावलंय. अरे, गेल्या सत्रात तू गावच्या टँकरबद्दल किती पोटतिडकीने बोललास! खेप कागदावर लागते आणि विहिरीत पाणी पडत नाही, असं सांगताना तुझा आवाज चढला होता. तो प्रश्न सोडून मित्रांनी सुचवलेल्या सोप्या विषयामागे का लागलास? टँकरच्या प्रश्नाचा माग काढायचा तर २००९ चा भूजल कायदा वाचावा लागेल, ग्रामपंचायतीचे अधिकार समजून घ्यावे लागतील, देयकं तपासावी लागतील. विशेष विषय त्यातून ठरव.

पंचायत समितीकडे टँकरच्या खेपांच्या नोंदी माग. मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, दहा रुपये लागतात. नोंदी हाती आल्या की घेऊन ये, आपण दोघं बसून तपासू. आणि तोवर संख्याशास्त्राचा एकही तास बुडवायचा नाही.