टॅरो कार्ड : त्या पत्त्यांत आहे तरी काय?



काही महिन्यांपूर्वी संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चची दारे लावून घेत होतो. एक तरुण विवाहिता धर्मगुरूनिवासाच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेला पत्त्यांचा एक कॅट. "फादर, हे तुम्ही जाळून टाकाल का? घरात ठेवायची भीती वाटते आणि फेकायचीही भीती वाटते," ती म्हणाली.

ते टॅरो पत्ते होते. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून आम्ही हे लिहीत आहोत. ती आपल्या धर्मग्रामातील की शेजारच्या, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.

तिच्या लग्नाला बरीच वर्षे झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरी निराशा आली. ऑफिसातील एका मैत्रिणीने मुंबईतल्या पत्ते वाचणाऱ्या बाईंचे नाव सुचवले. पहिल्याच भेटीत 'महाराणी'चे पान निघाले. बाई म्हणाल्या, वर्षभरात पाळणा हलेल. वर्ष गेले. ती पुन्हा गेली, पुन्हा फी भरली, या वेळी पान उलटे निघाले. मग फोनवर विचारणे सुरू झाले, आणि शेवटी तिने स्वतःच एक कॅट विकत आणला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज रात्री नवरा झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून ती पाने उलटू लागली. चांगले पान आले तर झोप लागे, वाईट आले तर लागत नसे.

आम्ही ते पत्ते लगेच जाळले नाहीत. चहा ठेवला आणि सगळे पत्ते जेवणाच्या टेबलावर मांडले. पुठ्ठ्याची भीती बाळगणे हीदेखील एक प्रकारची पूजाच झाली, म्हणून ती भीती आधी घालवावी असे आम्हांला वाटले.

टॅरोच्या कॅटात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखीच. फक्त बदाम, इस्पिक, चौकट, किलवर यांच्या जागी प्याले, तलवारी, नाणी आणि दांडके, आणि राजा-राणी-गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार जास्तीचा. उरलेली २२ चित्रांची पाने म्हणजे मूळची हुकमाची पाने. हुकूम हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण टॅरो हा जन्माने पत्त्यांचा डाव आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सरदार-दरबारातील मंडळी तो खेळत. फ्लोरेन्समध्ये १४४० साली त्याचा उल्लेख सापडतो. मिलानच्या सरदार घराण्यासाठी सोन्याचा वर्ख देऊन हाताने रंगवलेली त्या काळची पाने आजही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आणि बेर्गामो येथे जपलेली आहेत. (बेर्गामो म्हणजे संत पोप योहान तेविसावे यांचा मुलूख.) फ्रान्समध्ये तर अजूनही लोक टॅरोचा डाव मांडून बसतात, आपल्याकडे रमीचा बसतो तसा.

त्याच शतकाच्या उत्तरार्धातील एका इटालियन धर्मबंधूचे लॅटिन प्रवचन टिकून राहिले आहे. त्याने या पत्त्यांवर झोड उठवली आहे. पोप आणि देवदूत यांना जुगाराच्या पटावर आणले, म्हणून तो संतापला आहे. पण भविष्यकथनाबद्दल त्यात चकार शब्द नाही, कारण तेव्हा या पत्त्यांवर कोणी भविष्य पाहत नसे. ते वेड बरेच नंतरचे. पॅरिसमध्ये १७८१ साली कूर द जेब्लां नावाच्या विद्वानाने छापून टाकले की, ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. पुरावा काही नव्हता. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्लीच मुळी १८२२ साली शांपोल्यांला सापडली! पण गूढ गोष्टीला गिऱ्हाईक लवकर मिळते. थोड्याच वर्षांत पॅरिसमधील एतेय्या नावाच्या गृहस्थाने खास भविष्यासाठी पत्ते छापले आणि धंदा सुरू झाला. या साऱ्या दंतकथेची छाननी ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० साली एका जाडजूड ग्रंथात केली. डमेट स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते.

आमच्या टेबलावर होते ते पत्ते १९०९ साली लंडनमध्ये प्रथम निघालेल्या संचाचे. आज सर्वांत जास्त चालतात ते हेच. कल्पना ए. ई. वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीची. या कामाचे तिला फारच थोडे पैसे मिळाले. १९११ साली ती कॅथलिक झाली, पुढे इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात धर्मगुरूंसाठी तिने विश्रामगृह चालवले आणि १९५१ साली कर्जबाजारी अवस्थेत वारली. तिची चित्रे लाखो घरांत गेली, पण तिला स्वतःला त्यांचा काही लाभ झाला नाही.

ही चित्रे आम्ही एकेक करून पाहत गेलो आणि तीही हळूहळू वाकून पाहू लागली. ओळखीचे किती निघावे! 'न्याया'च्या पानात देवदूत तुतारी फुंकतो आहे आणि मृत कबरींतून उठत आहेत. 'जगा'च्या पानाच्या चार कोपऱ्यांत मनुष्य, गरुड, बैल आणि सिंह, म्हणजे आपल्या चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. 'महाराणी'च्या डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील स्त्रीसारखा, आणि पायाशी पिकलेला गहू. म्हणून वाचणारे तिचा अर्थ मातृत्व, भरभराट असा लावतात. 'टांगलेला माणूस' एका पायाने उलटा लोंबतो. जुन्या इटलीत गद्दाराची बदनामी करायला त्याचे असे चित्र भिंतीवर रंगवीत. आज त्याचा अर्थ 'थांबा, वेगळ्या नजरेने पाहा' असा सांगतात. 'मृत्यू'चे पान निघाले की गिऱ्हाईक दचकते, मग वाचणारा समजूत घालतो की हा खरा मृत्यू नव्हे, हा बदल आहे. 'मनोरा' म्हणजे अचानक कोसळणे, 'तारा' म्हणजे आशा, 'मूर्ख' म्हणजे नवा प्रवास. शिवाय पान उलटे पडले तर अर्थही उलटा किंवा अडलेला. आता सांगा, असे कोणाचे आयुष्य आहे ज्यात बदल, आशा, अडथळा आणि नवा प्रवास यांपैकी काहीच नाही?

अमेरिकेत १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'खास तुझे' म्हणून स्वभाववर्णन दिले आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. सर्वांच्या कागदावर मजकूर एकच होता. पत्त्यांचे तसेच आहे. मोघम वाक्यात आपण आपले दुःख ओततो आणि मग म्हणतो, अगदी बरोबर सांगितले!

पण बंधुभगिनींनो, इथे आम्हांला थांबावे लागले. कारण आमचे हे शहाणपण ऐकून ती म्हणाली, "फादर, ते मलाही कळतं. पण तिथे मला तासभर कोणी मध्येच तोडलं नाही."

आणि आपल्याकडे? दर रविवारी चर्चच्या अंगणात तिला कोणी ना कोणी विचारत असे, "काय गं, काही गोड बातमी?" ती पापनिवेदनाला आली तेव्हा मागे रांग होती, आम्ही घाईत होतो. इतकेच नव्हे. तिनेच आठवण करून दिली की, एकदा आम्ही तिला म्हणालो होतो, "आमच्या मातेची नोव्हेना कर, पुढच्या वर्षी बाप्तिस्म्याला येतोच." आम्ही ते प्रेमानेच बोललो होतो. पण ते काय होते? त्या बाईंनी महाराणीचे पान दाखवून जे सांगितले तेच आम्ही नोव्हेना दाखवून सांगितले. आमचेही वर्ष गेले. फरक इतकाच की आम्ही फी घेतली नाही.

पवित्र शास्त्र भविष्य पाहणाऱ्यांकडे जाण्याची बंदी करते, हे अनुवादाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही (क्र. २११६) पत्रिका, हस्तरेषा, शकुन हे सारे नाकारले आहे. टॅरोचे नाव तिथे नसले तरी ते वेगळे नाही. कारण दिले आहे ते लक्षात घेण्यासारखे: या सगळ्यामागे काळावर आणि माणसांवर सत्ता मिळवण्याची इच्छा दडलेली असते. कोणी म्हणेल, प्रेषितांनीही मत्थियाला चिठ्ठ्या टाकूनच निवडले ना? खरे आहे. पण ते पवित्र आत्मा उतरण्यापूर्वी, आणि प्रार्थना करून. पुढे प्रेषितांनी तसे पुन्हा केल्याचे दिसत नाही. आणि ही सत्ता नोव्हेनेच्या पुस्तकातूनही मागता येते, डोळे मिटून बायबल उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवूनही मागता येते, 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा' म्हणूनही मागता येते.

शौल राजाची गोष्ट आठवा (१ शमुवेल २८). देव उत्तर देईना, समोर पलिष्ट्यांचे सैन्य, म्हणून वेष बदलून तो रात्री एन-दोरच्या स्त्रीकडे गेला. त्याला भविष्य कळले, आणि ते खरेही ठरले: उद्या तू आणि तुझे मुलगे मरणार. त्या ज्ञानाचा त्याला काय उपयोग झाला? तो जमिनीवर आडवा पडला, अंगात त्राण उरले नाही. मग त्याच स्त्रीने काय केले ते आपण सहसा वाचत नाही. तिने घरातले पुष्ट वासरू कापले, पीठ मळले, भाकरी भाजली आणि नको नको म्हणणाऱ्या राजाला जेवू घातले. भविष्य ऐकून जो कोसळला, तो जेवण झाल्यावर उठून चालू लागला.

त्या रात्री टेबलावर शेवटी एक पान उरले होते: 'तलवारींची तिर्री'. लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागे पाऊस. अर्थ शोक, वियोग. ती म्हणाली, "हे पान माझ्याकडे सारखं यायचं." मग स्वतःच म्हणाली, "आमच्या घरी आजीच्या खोलीत व्याकुळ मातेचं चित्र होतं, त्यातही हृदयात तलवारी होत्या." शिमोनाने मरियेला तलवारीबद्दल सांगितले, पण तारीख सांगितली नाही आणि टाळायचा उपायही सांगितला नाही. मरिया बाळाला घेऊन नाझरेथला गेली आणि घरकामाला लागली. पुढे क्रुसापाशी ती उभी होती, तेव्हा तिच्याबरोबर आणखी काही जण उभे होते. योहानाने त्या दिवसापासून तिला आपल्या घरी नेले.

पत्त्यांचे काय केले, असे पुष्कळांनी विचारले. ते तिने स्वतःच फाडले, पण त्याच रात्री नव्हे. पिशवी तीन आठवडे आमच्या ऑफिसच्या कपाटात होती. मध्ये एकदा तिचा फोन आला की, लोकलमध्ये मोबाइलवर टॅरोचे ॲप उघडले होते. आम्ही रागावलो नाही. तिला अजून मूल झालेले नाही. पुढे होईल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही, आणि आता आम्ही तिला तसे काही सांगतही नाही. तिच्या वाडीतील दोन बहिणी गुरुवारी तिच्याकडे जातात, माळ म्हणतात, चहा घेतात आणि बातमी विचारत नाहीत.

या महिन्यापासून बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर रात्री नऊपर्यंत आमच्यापैकी एक जण ऑफिसात बसलेला असेल. चिठ्ठी, वेळ ठरवणे काही नको. आणि अंगणात भेटणाऱ्या सर्वांना विनंती, 'गोड बातमी' हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातून कायमचा बंद करू या.

दारावरची बेल सध्या बिघडली आहे. पायऱ्यांवरून हाक मारावी.