अखंड आस आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

रथाचे रूपक आपल्या तत्त्वचिंतनाच्या इतके अंगवळणी पडलेले आहे की, कठोपनिषदाने शरीराला रथ, आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी, मनाला लगाम, इंद्रियांना घोडे आणि विषयांना त्यांचे मार्ग म्हटले खरे, पण ज्या अवयवावर रथाचा सारा भार प्रत्यक्ष पडतो त्या आसाचा तेथे उल्लेखच नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऋग्वेदातील दीर्घतम्याच्या सूक्ताला मात्र त्याची आठवण आहे. पाच अऱ्यांच्या फिरत्या चक्रावर सारी भुवने उभी असूनही ज्याचा आस त्या भाराने तापत नाही, अशा कालचक्राचे वर्णन तेथे आले आहे. पुढे मिलिंदपञ्हात नागसेनाने रथात बसून आलेल्या राजालाच, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे एकेक अवयव दाखवून विचारले आणि त्याला निरुत्तर केले; तेव्हा अवयव बदलल्यावर वस्तू तीच राहते की निराळी होते, हा वाद जुना आहे आणि त्यात मी शिरणार नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दोन चाके एकाच आसाने एकमेकांस बांधलेली असणे हे त्यांचे दास्य समजावे की सामर्थ्य?

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त अमेरिकेतले आहे. त्या देशाच्या पश्चिम भागात, विशेषतः कॅलिफोर्निया आणि युटा या राज्यांत, पिकअप ट्रक घेऊन खडकाळ डोंगरवाटा चढणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांतील काहीजण आपल्या गाडीच्या पुढल्या चाकांना कारखान्याने दिलेले स्वातंत्र्य स्वतःच्या हाताने कापून काढतात व त्या जागी जुन्या पद्धतीचा अखंड आस, त्यांच्या बोलीतला सॉलिड ॲक्सल, बसवितात. टोयोटाच्या लहान पिकअपचे उदाहरण या कामी सर्वांत प्रसिद्ध आहे. चारही चाकांना जोर पोचविणाऱ्या या गाड्यांना १९७९ पासून १९८५ पर्यंत पुढल्या बाजूसही अखंड आस होता: नळीसारखे एकच लोखंडी घर, त्याच्या पोटात दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे डिफरन्शियल, दोन टोकांना दोन चाके, आणि हे सारे कमान-पाट्यांवर तोललेले. आपल्या बैलगाडीच्या आखाशी त्याचे नाते उघड आहे. १९८६ च्या गाड्यांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नमुन्यात कंपनीने हा पुढला आस काढून टाकला आणि प्रत्येक चाक आपापल्या बाहूंवर, आपापल्या टॉर्शन बारच्या आधाराने, स्वतंत्रपणे टांगले. शेव्हरोलेच्या मोठ्या पिकअपने १९८८ मध्ये तोच मार्ग धरला. कारखानदारांनी हे केले ते अविचाराने केले असे मी म्हणणार नाही. गाडी विकत घेणाऱ्या बहुसंख्य लोकांचे आयुष्य डांबरी रस्त्यावर जाते. तेथे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला कळू नये, स्प्रिंगखाली लोंबणारे वजन कमी असावे आणि वेगातही स्टिअरिंग हातात स्थिर राहावे, ही अपेक्षा रास्त आहे, आणि स्वतंत्र चाके ती उत्तम रीतीने पुरी करतात.

पण सिएरा नेवाडा पर्वतात जॉर्जटाऊनच्या बाजूने टाहो सरोवराकडे जाणारी रुबिकॉन नावाची जी वाट आहे, जिची लांबी अवघी बावीस मैल म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटर असूनही जी पार करण्यास गाड्यांना कित्येकदा दोन दिवस लागतात, तिच्यावरील ग्रॅनाइटच्या शिळांपुढे हा हिशेब फिरतो. स्वतंत्र चाक शिळेवर चढले की ते एकटेच वर जाते, बाहूंची लांबी आणि सांध्यांचा कोन यांची मर्यादा आली की तेथेच अडते, आणि पलीकडे खड्ड्याच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या जोडीदाराला या घटनेची वार्ताही नसते. तो जोडीदार आपल्या स्प्रिंगच्या जोरावर जेवढा खाली उतरू शकतो तेवढा उतरतो आणि मग अधांतरी लटकतो. अधांतरी लटकलेल्या चाकाला फिरण्याची पूर्ण मुभा असते. इतकेच नव्हे, तर साध्या डिफरन्शियलच्या रीतीप्रमाणे ज्याला विरोध नाही त्याच्याकडेच सारा वेग धाव घेतो, म्हणून ते चाक गरगर फिरत राहते आणि गाडी तसूभरही सरकत नाही. त्यातच डिफरन्शियल चासीला खिळलेले असल्यामुळे चाके दबून वर गेली तरी ते वर जात नाही, आणि गाडीचे पोट दगडाला टेकू लागते. अखंड आस असलेल्या गाडीचे डावे चाक शिळेवर चढते तेव्हा सारा आस कलतो, आणि जो जोर डाव्या चाकाला वर रेटतो तोच उजव्याला खाली दाबतो. एकाचे उचलले जाणे हेच दुसऱ्याचे जमिनीवर टेकणे होते. डिफरन्शियलही आसाच्या पोटात असल्यामुळे चाकांबरोबर उचलले जाते.

अखंड आस बसविण्याच्या या फेरफारात परतीची वाट फारशी उरत नाही, ही गोष्ट मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. स्वतंत्र चाकांचे बाहू ज्या ब्रॅकेटांवर टांगलेले असतात ती चासीला वेल्ड केलेली असतात. ती कापून काढावी लागतात आणि उरलेले कंगोरे ग्राइंडरने घासून चासीचे अंग सपाट करावे लागते. मग पाट्यांचे हँगर प्रथम नुसत्या टाक्यांनी चिकटवितात आणि कर्णांची मापे दोन्ही बाजूंनी ताडून पाहतात, कारण येथे राहिलेला थोडासा तिरकेपणा गाडीला पुढे कायम एका बाजूस ओढत राहतो. मापे जुळली म्हणजे वेल्डिंग करावयाचे, तेही थोडे थोडे, जागा बदलीत, नाहीतर उष्णतेने चासी मुरडते. भंगारातून आणलेला जुना आस उघडला की त्याच्या टोकांच्या पोकळ लोखंडी गोलांत बर्फील्ड जॉइंट सापडतो, सहा पोलादी गोळ्यांवर वळणारा. आणि आतले सील गेलेले असेल तर गिअरचे तेल ग्रीसमध्ये उतरून त्या दोहोंचा काळा, पातळ, उग्र वासाचा रबडा झालेला असतो. तो निपटून काढावयाचा, सांधा धुवावयाचा, नवे ग्रीस बोटांनी गोळ्यांच्या खाचांत दाबून भरावयाचे. पुढल्या आणि मागल्या आसांच्या दात्यांचे प्रमाण एकच असावे लागते, अन्यथा चारही चाके एकत्र जोडताच पुढली जोडी मागल्या जोडीशी झगडू लागते. आणि सर्वांत नाजूक तजवीज आसाच्या कलाची. आसाचा माथा किंचित मागे कलविला तर वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात, म्हणून हा कल हवाच. परंतु त्याच कलाने पिनियनचे तोंड खाली वळते आणि ज्या दांड्यातून इंजिनाचा जोर येतो त्या दांड्याचा कोन बिघडतो. दोन्ही गुण एकाच लोखंडात ओतलेले असल्यामुळे एकाला पूर्ण न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो, आणि कुशल कारागीर दोहोंना सोसेल अशी मधली जागा शोधतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्वातंत्र्य म्हणजे बंधनाचा अभाव, एवढीच व्याख्या धरली तर अधांतरी गरगरणारे चाक जगातील सर्वांत स्वतंत्र वस्तू ठरेल, कारण त्याला कशाचाही अडथळा नाही. आणि तरीही ते कोणाला कोठेही नेत नाही. गीतेने संन्यास आणि कर्मयोग हे दोन्ही निःश्रेयस देणारे मानूनही कर्मयोगाला विशेष म्हटले, आणि लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच एका निर्णयासाठी संन्यासमार्गी भाष्यकारांशी प्रचंड वाद मांडला. ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी कर्म सोडू नये, हे त्यांचे प्रतिपादन मला नेहमीच पटत आले आहे. मात्र संन्यासाला पळपुटेपणा म्हणण्यास मी तयार नाही. ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडावे, अशी मुभा जाबालोपनिषदाने दिली आहे, आणि ज्याचा मार्गच राजमार्गासारखा मोकळा व एकाग्र झाला त्याला ती शोभते. अधिकार पाहून मार्ग सांगावा, हा आपल्या परंपरेचा शहाणपणा आहे, आणि वाट पाहून आस निवडावा हा त्या डोंगरी वाटांवरील लोकांचा. जो मनुष्य रोज महामार्गावरून कामाला जातो आणि वर्षातून एकदा मातीच्या रस्त्यावर उतरतो, त्याने आपली चाके बांधून घेऊ नयेत, असेच मी त्याला सांगेन.

तथापि १९८५ च्या गाडीचा आस आणि १९८६ च्या गाडीत मालकाने मागाहून बसविलेला आस यांत, लोखंड तेच असले तरी, एक मोठे अंतर आहे. पहिलीला बंधन जन्माने मिळाले, त्यात कोणाचे कर्तृत्व नाही. दुसरीने स्वातंत्र्य पाहिले होते, आणि ते कशासाठी सोडावयाचे हे जाणून, पैसा व मेहनत खर्चून, तिच्या मालकाने जुने बंधन परत आणले. स्वातंत्र्यातून बंधनाकडे समजून-उमजून येणाऱ्या अशा मनुष्याला काय म्हणावे? आपल्या इतिहासात या प्रश्नाचा दाखला आहे, आणि तो आळंदीचा आहे. विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणीबाई हिला मागे ठेवून काशीस संन्यास घेतला. पुढे गुरू तीर्थयात्रेस निघाले असता आळंदीस आले, सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीबाईने नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि सारी हकीकत कळल्यावर काशीस परतून शिष्याला पुन्हा गृहस्थाश्रमात धाडले, असे परंपरा सांगते. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही चार मुले झाली, समाजाने कुटुंबाला वाळीत टाकले, आणि अखेर देहान्त प्रायश्चित्ताचा हुकूम मानून त्या पति-पत्नींनी प्राण दिले.

येथे दोन आक्षेप घेता येतील, आणि दोन्ही मी गंभीरपणे घेतो. पहिला असा की, बंधन आधार देते तसा आघातही पोचविते. अखंड आसाच्या गाडीचे एक चाक वेगात खड्ड्यात आदळले की दुसरे थरथरते, स्टिअरिंग हाताला झटका देते, आणि ज्याचा काही अपराध नाही त्या बाजूलाही हादरा बसतो. आळंदीत हेच घडले. पित्याच्या आश्रमबदलाचा आघात ज्यांनी काहीच निवडले नव्हते त्या चार लेकरांवर पडला. हे नाकारता येणार नाही, आणि प्रपंचाची थोरवी गाणाऱ्याने ते लपवूही नये. एवढेच म्हणता येईल की आघात पोचविणारा आस आणि आघात करणारा दगड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मुलांना जो धक्का बसला तो घरातल्या नात्याने पोचला असला तरी केला होता गावाने.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समजून पत्करलेल्या बंधनाचे सामर्थ्य वर्णन करणारी भाषा, ज्यांना कधी निवडच मिळाली नाही त्यांच्या पायांतील बेड्यांचे समर्थन करण्यासाठी फार सहज वापरली जाते. आपल्या समाजात स्त्रीला आणि हीन लेखलेल्या जातींना शतकानुशतके हेच सांगितले गेले की तुमचे जोडलेले असणे हाच तुमचा धर्म. म्हणून या लेखातील सारे विवेचन मी फक्त त्याच्यापुरते लागू मानतो, ज्याच्या हाती कापण्याचे हत्यार होते आणि ते त्याने स्वतःच्या मर्जीने चालविले. रुक्मिणीबाईच्या हाती ते नव्हते. विठ्ठलपंतांच्या हाती ते प्रथम होते, काशीस जाताना. परत येताना गुरूची आज्ञा होती, असे म्हणून त्यांच्या निवडीचे मोल कोणी कमी करील, परंतु आज्ञा एका दिवसाची असते, आणि त्यानंतरचा बहिष्कृत संसार, पाणवठ्यावरची तोंडे, मुलांच्या मुंजी नाकारणारे शास्त्री, हे रोजचे होते. पळून जाण्याची वाट त्यांना ठाऊक होती आणि ती एकदा पायाखालून गेलेली होती. ते पुन्हा गेले नाहीत.

संन्यास घेऊन परतलेल्यासाठी धर्मशास्त्राने आरूढपतित ही संज्ञा ठेवली आहे: उंची गाठून खाली पडलेला. विठ्ठलपंतांना ती लावणाऱ्या पंडितांनी उंचीचे माप धरले, जमिनीचे धरले नाही. ज्या दिवशी ते रुक्मिणीबाईला एकटीला टाकून काशीची वाट चालू लागले, त्या दिवशी त्यांना कोणी पतित म्हटले नाही; ते परत येऊन तिच्या शेजारी उभे राहिले, तेव्हा म्हटले. हा न्याय मला मान्य नाही.