भेग आणि कर्ता

पुण्यातील शिवाजीनगरचे पाताळेश्वर लेणे राष्ट्रकूटकालीन, सुमारे आठव्या शतकातले, काळ्या कातळात खोदलेले असून, गाभाऱ्यामागील खडकात भेग लागल्याने त्याचे काम अपुरे राहिले असावे, असे सांगितले जाते. तसे असेल, तर येथे भेगेने शिल्पकाराचा संकल्प अडवला; उलट आंध्रातील बोर्रा येथे, चुनखडीच्या डोंगरात, भेगा नसत्या तर गुहाच झाली नसती.

घट्ट चुनखडीत पाणी सहजी शिरत नाही. पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून अधिक मातीतला, कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते व सांध्यांतून, म्हणजे दोन्ही बाजू न सरकता पडलेल्या भेगांतून, वाट काढत त्यांच्या भिंती विरघळवते. जी भेग किंचित रुंद, तिच्यातून पाणी अधिक, म्हणून झीजही अधिक, आणि त्यामुळे बोगदे भेगांच्या दिशेने वाढतात व भेगा एकमेकींना छेदतात तिथे बहुधा दालने होतात. पाताळेश्वरचा काळा कातळ, म्हणजे पुण्याखालचा बेसाल्ट, हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. थंड होऊन आकसताना त्यालाही भेगा पडल्या, परंतु त्याची खनिजे चुनखडीसारखी सहज विरघळून वाहून जात नाहीत; त्यांची बरीचशी माती होऊन तिथेच उरते, म्हणून अशा गुहेसाठी छिन्नीच लागते.

छिन्नीमागे कर्ता उघड असतो; पाण्याने कोरलेल्या गुहेचे काय? न्यायदर्शनातील, दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडलेला एक युक्तिवाद असा, की जग हे कार्य, म्हणजे घडलेली वस्तू, आहे, आणि घटाला जसा कुंभार, तसा कार्यमात्राला बुद्धिमान कर्ता असतो; मीमांसकांना व जैनांना हे मान्य नव्हते. बोर्र्याची गुहा निःसंशय कार्य आहे, पण तिच्या उत्पत्तीला खडकाला भेगा पाडणारा ताण, पाणी आणि काळ पुरतात. यावर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणेल, की भेग व पाणी ही छिन्नीसारखी साधने, त्यांची योजना करणारा निराळा. हे उत्तर खोडता येत नाही. मात्र ते गुहेच्या निरीक्षणातून मिळालेले नसून आधीच मानलेले आहे, आणि हा भेद लपवणे श्रद्धेच्याही हिताचे नाही.

उपासनेला मात्र कर्त्याच्या या अनुमानाची गरज नाही. नर्मदेच्या पात्रात आपोआप घडलेल्या बाणलिंगाला, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडाला, प्राणप्रतिष्ठा लागत नाही, असे मानतात. बोर्र्यात ठिबकत्या पाण्यातील चुना साचून वर वाढलेला खुंट शिवलिंग म्हणून पुजला जातो, आणि काम अर्धवट सुटलेल्या पाताळेश्वरातही शिवाची पूजा होते.