निर्मळ पाणी

हेतु शुद्ध असला म्हणजे कृत्याचा दोष निम्मा तरी धुऊन निघतो, असें आपण सहज म्हणतों. सदिच्छेचें मोल तिच्या फलावर अवलंबून नाहीं, हें कांटनें १७८५ सालीं मांडलेलें मत मीं वर्गांत अनेक वर्षें मोठ्या आवेशानें शिकवीत आलों. गेल्या आश्विनांत मात्र घरांतल्या एका कांचेच्या पेटीनें मला या मताविषयीं अडचणींत टाकलें.

पेटी माझ्या मुलीची. ती सासरीं गेली आणि सहा सोनेरी मासे माझ्या वांट्याला आले. त्यांच्या सांभाळांत मीं हयगय केली असें कोणी म्हणणार नाहीं. आमच्या विंधनविहिरीचें पाणी जड. त्यानें कांचेवर पांढरे डाग पडतात. म्हणून पाणी आटेल तसें मी यंत्रांतून गाळलेलें पिण्याचें पाणीच वरून घालीत असें. दीड वर्ष हा क्रम चालला. दिवाळीला मुलगी यावयाची होती. तिला पेटी लखलखीत दिसावी म्हणून एका संध्याकाळीं अर्ध्याहून अधिक पाणी काढून मीं विहिरीचें ताजें पाणी भरलें. सकाळीं पांच मासे उताणे तरंगत होते.

काढलेलें पाणी झाडांसाठीं बादलींत राहिलें होतें, म्हणून कारण कळलें. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं तें तपासून पाहिलें. माशांच्या शरीरांतून, विशेषतः कल्ल्यांतून, अमोनिया सतत पाण्यांत उतरत असतो. पेटींतल्या स्पंजावर व वाळूवर वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या उद्योगांत आम्ल उत्पन्न होतें आणि तें पाण्यांतील कार्बोनेट क्षार खात जातें. गाळलेल्या पाण्यांत हे क्षार जवळजवळ नसतातच. त्यामुळें मूळचा सांठा सरला, आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखविणारा तो अंक, सहाच्या खालीं उतरला. इतक्या आम्ल पाण्यांत ते जंतुहि मंदावतात व अमोनिया सांचूं लागतो. मात्र तेथें तो बहुतेक सारा अमोनियमच्या रूपांत राहतो, आणि तें रूप माशांना फारसें बाधत नाहीं. पंचवीस अंश उष्णतामानास सामू ६ असतां दहा हजार भागांत विषारी भाग सुमारें ६ असतात. सामू ८ झाला कीं तेच ५०० च्या वर जातात. मीं ओतलेल्या पाण्याचा सामू ८ होता. एकूण अमोनिया त्यानें निम्म्यावर आला खरा, पण जो उरला तो विष होऊन बसला.

जुनें पाणी गढूळ दिसत होतें म्हणावें, तर तसेंहि नव्हतें. दोन्ही पाणी डोळ्यांना सारखेंच स्वच्छ.

"तुम्ही चांगल्यासाठींच केलेंत," असें घरीं, शेजारीं, सर्वांनीं सांगितलें. पण ॲरिस्टॉटल येथें आडवा येतो. नकळत घडलेलें कृत्य निराळें, आणि जें अज्ञान टाळणें आपल्या हातीं होतें त्यापोटीं घडलेलें निराळें. दुसऱ्यास तो क्षमा करीत नाहीं. सामू मोजण्याच्या पट्ट्यांची एक डबी मुलीनें जातांना पेटीशेजारीं ठेवली होती. ती मीं उघडली नव्हती. कांटकडे परत जावें तर तेथेंहि आसरा नाहीं. सदिच्छा म्हणजे नुसती इच्छा नव्हे, हातीं असतील तेवढीं सारीं साधनें एकवटणें, असें त्यानें त्याच ठिकाणीं स्पष्ट केलें आहे. तेवढा भाग मी वर्गांत घाईनें उरकीत असें!

सर्व जाणून मगच हात लावावा म्हटलें, तर तहानेल्याला पाणीहि पाजतां यावयाचें नाहीं, ही शंका मला मान्य आहे. पण नदींतला मासा न मानवणाऱ्या पाण्यांतून निघून जाऊं शकतो. ज्याचें सारें जग आपण चार कांचांत कोंडलें, त्याच्या बाबतींत ही सवलत मागण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो? आणि खोलांत गेलें तर माझा हेतु तरी माशांविषयींचा कोठें होता? कांच चकचकीत दिसावी, एवढाच तो होता.

उरलेल्या माशासाठीं आतां आठवड्यास एक दशांश पाणी बदलतों, पट्टी बुडवून पाहिल्यावर.

दिवाळीला मुलगी आली. पेटीपुढें थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, पाणी कधीं बदललेंत?" मीं तारीख सांगितली. हेतु सांगितला नाहीं.